एका वायरीवरची बिऱ्हाडं

आमच्या वाडीत फोन आला तो आमच्या घरात आला, पण आमचा एकट्याचा म्हणून तो एक दिवसही राहिला नाही. पौडवरनं खांबाखांबानं तार येत येत शेवटी आमच्या ओटीवर पोचली आणि तिथंच संपली, कारण पुढं डोंगर. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कधी काळी नंबर लावून ठेवला होता. कशाला लावला असं विचारलं की म्हणायचे, "रस्ता आला, लाईट आली, ह्ये बी येऊंदे." तो काळा जड फोन ओटीवरच्या कोनाड्यात, भाताच्या कणगीशेजारी बसला. आईनं त्याच्यावर विणलेला रुमाल घातला. आणि मग सगळ्या वाडीचे, खाली राईला लागून असलेल्या कातकरवस्तीचे आणि वर कड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या धनगरवाड्याचे फोन आमच्याकडे यायला लागले. कुणाचा भाऊ मुंबईला गोदीत, कुणाची लेक चिंचवडला दिलेली, कुणाचा जावई ट्रकवर. सगळ्यांच्या खिशातल्या चिठोऱ्यावर नंबर आमचाच.

फोनचा कायदा आईचा होता. ती शाळेत गेलेली नव्हती, पण तिच्या कायद्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. फोन वाजला की उचलायचा, कोण पाहिजे ते विचारायचं आणि ताबडतोब खाली ठेवायचा. तिकडचा माणूस कळवळून सांगायचा, "वहिनी, जरा आमच्या धोंडीला बोलवा की. मी धरून ठेवतो."

"धरून कशाला ठिवताय? धोंडी खाचरात हाय. त्यो येस्तवर तार आडवून ठिवनार व्हय? तंवर दुसऱ्याचा आला मंजी?"

"आवं पण परत लागंल न लागंल..."

"लागंल. ठिवा. धा मिन्टानं करा." आणि ठेवायची सुद्धा. मग हात पदराला पुसत पुन्हा भाकरीला लागायची. तांदळाची भाकरी तव्यावर फुगली आहे, चुलीत सुकट भाजायला टाकली आहे, आणि धोंडीला शोधून आणायचं काम माझं, असं आमच्या घरातलं संध्याकाळचं चित्र असायचं. धोंडी येऊन ओटीवर बसायचा, आई त्याच्यापुढं पाणी ठेवायची, आणि खरोखरच थोड्या वेळानं फोन वाजायचा. मधल्या वेळात दुसऱ्या कुणाचा निरोप येऊनही गेलेला असायचा. एक तार, एवढी माणसं, पण कुणाचं बोलणं अडलं असं मला आठवत नाही.

बोलवायचं म्हणजे प्रत्येक वेळी पळत जायचं नव्हतं. अंगणात उभं राहून हाळी घालायची. तेही शिकावं लागलं. खालच्या वस्तीला हाळी घातली की आवाज घरांवरनं पुढं जाऊन देवराईत शिरायचा आणि तिथंच मुरायचा. गच्च झाडी ती, आवाज गिळून टाकायची. त्यामुळं खालच्यांना एकामागनं एक चार नावं घातली तरी चारी नीट ऐकू जायची. धनगरवाड्याचं तसं नव्हतं. त्यांच्या मागं उघडा कातळकडा. एक नाव घातलं की कडा ते परत फेकायचा, आणि मी घाईनं दुसरं घातलं तर परत आलेलं पहिलं नाव त्याच्यावर पडून दोन्हींचा खिचडा व्हायचा. मग भलतंच कुणीतरी धापा टाकत खाली यायचं आणि म्हणायचं, "माजा फोन हाय न्हवं?" नाही म्हटलं की मला शिव्या. आई आतनं ओरडायची, "सुरेखे, कड्याकडं तोंड करून घाई करू नको म्हनून किती डाव सांगितलं! त्याला परत टाकूंदे, मग दुसरं घाल."

हे सगळं आज माझ्या लेकीला सांगितलं की ती हसते. तिच्या ओढणीच्या टोकाला बांधता येईल एवढ्याशा पेनड्राइव्हमध्ये आमच्या शेजारच्या उरवडे गावातल्या त्या काळच्या सगळ्या कारखान्यांची ड्रॉइंगं मावतील. कुठंही खोचलं की चालतं. का चालतं हे तिला माहीत नाही आणि त्याची तिला गरजही नाही. मला होती. म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते, त्यात लाजायचं काय? पुण्याला बी.एस्सी. केलं, विषय कॉम्प्युटर. रोज पहाटेची एसटी, येताना उभ्यानं प्रवास, आणि डब्यात आईनं दिलेला आंबेमोहराचा भात, ज्याचा वास वर्गात डबा उघडायच्या आधीच सगळ्यांना कळायचा. पुण्याच्या मुली नाक मुरडतील असं मला वाटायचं. त्या उलट डबा पळवायच्या. पास झाले तेव्हा दादांनी पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "पोरगी शेवटपातूर शिकली." शेवट म्हणजे कुठपर्यंत ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

उरवड्याला प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणारा एक छोटा कारखाना होता. मालक पुण्याचे, आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. त्यांच्याकडं साच्यांची जुनी ड्रॉइंगं कपाटभर होती आणि त्या कपाटाला वाळवी लागली होती. साहेबांनी कॉम्प्युटर घेतला आणि सगळी ड्रॉइंगं त्यात उतरवायला मला ठेवलं. कारखान्यात मी एकटीच बाई. लेथवरचे तात्या सगळ्यांत वडील, आमच्याच भागातले, डोळ्याला जाड चष्मा आणि जीभ त्याहून धारदार. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "पोरी, हितं ज्याचं त्याचं हत्यार हाय. माजी पटाशी हाय, ह्याचा मायक्रोमीटर हाय. तुजं हत्यार कंचं?"

"कॉम्प्युटर."

"त्याला धार कशी लावत्यात गं?"

सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

कॉम्प्युटर बसवायला आलेला माणूस मात्र देवासारखा होता. पुढं तो दुबईला गेला, परत कधी भेटला नाही. मुख्य पेटीच्या शेजारी त्यानं तीन छोट्या पेट्या मांडल्या. पहिली मोठी हार्ड डिस्क, जिच्यात ड्रॉइंगं राहणार. दुसरी टेप, नक्कल काढून ठेवायला. तिसरी जाड चकत्या घालायची, गिऱ्हाइकाकडून आलेलं काम वाचायला. मला वाटलं तीन पेट्यांना तीन वायरी लागतील. पण त्यानं एकच जाड वायर मुख्य पेटीतनं पहिलीत, पहिलीतनं दुसरीत, दुसरीतनं तिसरीत अशी माळेसारखी ओवली. या पद्धतीला स्कझी म्हणतात असं सांगितलं. प्रत्येक पेटीच्या पाठीला एक चिमुकली खिडकी, तिच्यात तिचा नंबर. दोन पेट्यांना एक नंबर द्यायचा नाही. वायर एकच, म्हणून एका वेळी एकानंच बोलायचं. दोघांना एकदम बोलायचं असेल तर ज्याचा नंबर मोठा तो आधी. सगळ्यांत मोठा, सात नंबर, मुख्य पेटीत बसवलेल्या, या वायरीचा कारभार बघणाऱ्या कार्डाचा.

"आणि समजा आपण डिस्कला म्हटलं, अमुक ड्रॉइंग दे," तो म्हणाला, "तर डिस्कला ते शोधायला वेळ लागतो. तेवढा वेळ ती वायर अडवून बसत नाही. वायर सोडून देते. तोपर्यंत टेप आपलं काम करून घेते. सापडलं की डिस्क स्वतः कार्डाला हाक मारते, घ्या म्हणते."

मला हसू फुटलं.

"काय झालं?"

"काही नाही, सर. आमच्या घरी अशीच आई आहे."

तो बुचकळ्यात पडला असणार. पण मला त्या क्षणापासून त्या पेट्यांची भीती वाटेनाशी झाली. कॉलेजात मी हे पाठ करून मार्क मिळवले होते. कळलं मात्र उरवड्यात. पुस्तकं लिहिणारे माझ्या आईला भेटले असते तर माझं एक वर्ष वाचलं असतं, असं मला आजही वाटतं.

वर्षभर मी ड्रॉइंगं उतरवत होते. एकेक कागद चाळणी झालेला, त्यावरची मापं भिंगातनं वाचायची, शंका आली की तात्यांना विचारायची, आणि काम झालं की तो कागद वॉचमनच्या अंघोळीच्या बंबात. सगळा कारखाना हळूहळू त्या एका डिस्कमध्ये आला. साहेब जाता येता म्हणायचे, "टेपवर नक्कल घेत जा गं." मी घेत होते.

मग खंडेनवमी आली. या दिवशी आमच्याकडं घरी नांगर, कोयते, विळे पुजतात आणि कारखान्यात यंत्रं. माझ्या घरी घट बसलेले, आईचे नवरात्राचे उपास, म्हणून मी दुपारीच निघाले. मागं तात्यांनी सगळी यंत्रं पुसून घेतली, झेंडूच्या माळा घातल्या आणि कारखान्यातल्या छोट्या देव्हाऱ्यापुढं पाट मांडून त्यावर प्रत्येकाचं एकेक हत्यार ठेवलं. रीत अशी की पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर आलं की ज्याचं त्यानं हत्यार उचलायचं, कपाळाला लावायचं आणि कामाला लागायचं.

त्या दिवशी मी आले. माझ्या पेट्यांनाही हळदकुंकू लागलं होतं, झेंडूचा वास येत होता. मन प्रसन्न झालं. बटण दाबलं आणि डिस्क दिसेना. बंद करून पुन्हा लावला, तर दिसली. ड्रॉइंग उघडायला गेले तर अर्धं उघडून पडदा गोठला. तिसऱ्यांदा टेप दिसली, डिस्क नाही. एका गिऱ्हाइकाचा साचा मिलिंग मशीनवर अर्धा कापून ठेवला होता, त्याचं ड्रॉइंग याच डिस्कमध्ये. नक्कल टेपवर होती, पण टेपही त्याच वायरीवर, आणि तीही वाचता वाचता मधेच थांबायची.

पुण्याहून मिलिंदसर म्हणून तरुण इंजिनिअर आले. चांगला माणूस. वायर काढून दुसरी लावून बघितली, कार्ड बदलून बघितलं, मग कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "डिस्कचा पृष्ठभाग गेलाय बहुतेक. फॉरमॅट करून चालते का बघू, नाहीतर नवी. मला पिरंगुटला दुरुस्तीचा एक कॉल आहे, तो करून चारला येतो."

फॉरमॅट म्हणजे माझं वर्ष पुसणं. मी साहेबांकडं बघितलं. ते खुर्चीत टेकून बसले होते, रागावले नव्हते, थकले होते. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी सगळं या पेटीवर लावलं होतं.

"सुरेखा," ते म्हणाले, "असं असेल तर मी परत ड्रॉइंग बोर्डच काढतो. कागद वाळवी खाते, पण एका रात्रीत तर नाही ना खात? मग तुला मी कशावर बसवू, सांग."

"साहेब, चारपर्यंत मला बघू दे."

"बघ," ते म्हणाले. "पुसू नकोस फक्त."

कार्डाबरोबर एक झेरॉक्स काढलेलं पुस्तक आलं होतं. इंग्रजी माझं पौडच्या शाळेतलं, एकेक वाक्य तीनदा वाचावं लागायचं. नंबर तपासले, वेगवेगळे होते. वायरी घट्ट होत्या. मग एक पान आलं. त्यात म्हटलं होतं की वायरीची दोन्ही टोकं बंद केलेली असली पाहिजेत. टोक उघडं राहिलं तर वायरीतनं गेलेला संदेश तिथनं आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्या संदेशावर पडतो. मग कुणाचं काय ते कुणालाच कळत नाही.

मी पुस्तक खाली ठेवलं. मला तो कडा दिसला. शपथेवर सांगते, अक्षरं दिसेनाशी झाली आणि कडाच दिसला, आणि खाली धापा टाकत आलेला भलताच माणूस. या वायरीच्या टोकाला राई पाहिजे होती. आवाज गिळणारं काहीतरी.

उठून शेवटच्या पेटीच्या मागं बघितलं. वायर आत जायची खाच भरलेली, बाहेर जायची खाच रिकामी. आणि मग आठवलं की ती आधी रिकामी नव्हती. तिथं अंगठ्याएवढं एक टोपण होतं, वायर नसलेलं.

पळत लेथपाशी गेले. "तात्या, शेवटच्या पेटीला मागं एक टोपण होतं. कुटं गेलं?"

तात्यांनी लेथ थांबवला. चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "मला काय इचारती? तुज्या हत्याराला तू हात लावला न्हाईस सकाळधरनं. सगळ्यांनी आपापलं उचललं. तुजंच तेवढं पडलंय पाटावर."

"माझं हत्यार?"

"मग! तू गेलीस निघून घरला. सगळ्यांची हत्यारं देवापुढं, तुजंच न्हाई, बरं दिसतं का? आख्खा कॉम्पुटर काय पाटावर मावतुया? बघितलं तर मागं ते टोपण, ना त्याला वायर ना काय. म्हटलं ह्ये मोकळंच हाय, ह्ये ठिवू. कुकू लावलं, फूल घातलं." मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "का गं? त्याचं काय काम व्हतं व्हय?"

देव्हाऱ्यापुढच्या पाटावर ते होतं. सगळी हत्यारं नेलेली, त्यांच्या जागी हळदीचे ठसे, आणि मधोमध ते एकटं, कुंकवाचं बोट लागलेलं, सुकलेल्या झेंडूखाली. मला तिथं उभ्या उभ्या रडू आलं, आणि ते नोकरीसाठी नव्हतं. वर्षभर मी त्या कारखान्यात एका कोपऱ्यात, कॉम्प्युटरसाठी केलेल्या काचेच्या खोलीत बसत होते. मला वाटायचं, ही माणसं मला पाहुणी समजतात. आणि इथं त्यांनी त्यांच्या पटाशीशेजारी, मायक्रोमीटरशेजारी माझी जागा धरून ठेवली होती.

"आगं रडती कशाला? मोडलं का काय?" तात्या मागं येऊन उभे.

"न्हाई तात्या. मोडलं न्हाई." मी टोपण उचललं आणि इतर सगळ्यांनी सकाळी केलं तसं कपाळाला लावलं. तात्यांनी मान डोलावली, जणू आता कुठं रीत पुरी झाली.

खाचेत शिरलेलं कुंकू मऊ फडक्यानं नीट पुसून घेतलं, टोपण बसवलं, त्याच्या दोन्ही बाजूंचे तारेचे चाप अडकवले आणि बटण दाबलं. कार्डानं एकेकाला हाक मारली आणि एकेकानं ओ दिली. डिस्क, टेप, तिसरी पेटी, सगळे आपापल्या नंबरावर. अर्ध्या कापलेल्या साच्याचं ड्रॉइंग उघडलं, पूर्ण, कोपऱ्यातल्या माझ्या नावासकट. साहेब माझ्या मागं येऊन कधी उभे राहिले ते कळलं नाही. बाहेर जाऊन वॉचमनला म्हणाले, "तो ड्रॉइंग बोर्ड काढून ठेवलाय ना, तो माळ्यावर टाका. आणि सगळ्यांना चहा सांगा."

चारला मिलिंदसर आले. काय झालं ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि मनापासून हसले. "मला वाटलं जुनी पेटी आहे, टर्मिनेटर, म्हणजे हे टोक बंद करणारं टोपण, आतच असेल. बघायला हवं होतं." त्यांनी चहा घेतला आणि जायच्या आधी तासभर बसून मला त्या वायरीबद्दल आणखी कितीतरी शिकवलं, कुणी सांगितलं नसताना. पुढं वीस वर्षं मी ज्या कामावर पोट भरलं, त्याचा निम्मा पाया त्या तासाचा. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

संध्याकाळी तात्या निघताना माझ्याजवळ आले. "पोरी, माज्यामुळं तुजी नोकरी जात व्हती म्हनं."

"तुमच्यामुळं जात नव्हती, तात्या. तुमी जपून ठेवलं म्हणून सापडलं. केरात टाकलं असतं तर?"

"व्हय की!" ते एकदम खुलले. "मी बी त्येच म्हनतो सगळ्यांना." आणि खरोखर, दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात हीच गोष्ट चालू झाली की तात्यांनी टोपण जपलं म्हणून काम वाचलं. माझी काही हरकत नव्हती.

घरी पोचले तेव्हा दादा अंगणात विळ्याला मूठ बसवत होते. भात निसवलेलं, कापणी जवळ आलेली. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं.

"मग तू काय केलंस म्हनायचं?"

"टोपण लावलं."

"येवडंच?"

"एवढंच."

"एका टोपनासाठी तीन वरसं कालेज?"

"व्हय," मी म्हटलं. "कुठं लावायचं ते कळायला."

दादांनी मूठ घट्ट बसली का बघितलं, विळा बाजूला ठेवला आणि आत आईला ओरडून सांगितलं, पोरीला वाढ. मला वाटलं विषय संपला.

आठवड्यानं पौडच्या एसटी स्टँडवर एक ओळखीचे गृहस्थ भेटले आणि हात जोडून म्हणाले, "आख्खा कारखाना बंद पडला व्हता, तुमी एकटीनं चालू केलात म्हनं! पुन्याची इंजनेरं हात टेकून गेली म्हनं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन दादांना धारेवर धरलं. "दादा, असं काही झालं न्हाई. नुसतं टोपण लावलं. लोकांना खोटं कशाला सांगता?"

दादांनी शांतपणे तंबाखू मळली.

"टोपन लावलं ते तू सांग, तुज्या तोंडानं," ते म्हणाले. "मी माज्या तोंडानं सांगतुया."